वाचकांचे प्रश्न : राज्यसंस्थेला धर्म असावा का?

गेल्या अंकात या सदरात मी असे विधान केले होते की, राज्यसंस्थेने कोणताही धर्म आपला म्हणून जाहीर करू नये, आणि तसे न करण्यात नास्तिकापेक्षा श्रद्धावंत माणसाचेच हित अधिक आहे. त्यावर पुष्कळ पत्रे आली. सहमतीच्या पत्रांपेक्षा विरोधाची पत्रे अधिक विचारपूर्वक लिहिलेली होती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. म्हणून येथे मुख्यतः विरोधी प्रश्नच घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : इंग्लंडचा राजा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख असतो, बिशप संसदेत बसतात, राज्याभिषेक चर्चमध्ये होतो. तरीही तेथे ज्यू, मुसलमान, हिंदू, नास्तिक असे सगळे नांदतात. मग बहुसंख्यांचा धर्म राज्याने आपला मानला तर मोठा अनर्थ होतो, असे आपण कशाच्या आधारावर म्हणता?
— एक निवृत्त इतिहास-शिक्षिका

उत्तर : आपण दिलेला दाखला खरा आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे योग्य होणार नाही. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आजही २६ बिशप पदसिद्ध सभासद आहेत आणि सिंहासनावर कॅथलिक व्यक्तीला बसता येत नाही. परंतु आज तेथे जी शांतता दिसते ती अधिकृत धर्मामुळे लाभली, की त्या धर्माच्या हातातले अधिकार एकेक करून काढून घेतल्यामुळे लाभली, हे आपण इतिहासाच्या शिक्षिका असल्यामुळे माझ्यापेक्षा अधिक बारकाईने पाहू शकाल.

१८४७ साली लंडन शहराच्या मतदारांनी लायोनेल द रॉथ्सचाइल्ड यांना हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून दिले. ते ज्यू होते. सभासदाने घ्यायच्या शपथेच्या शेवटी आपण ख्रिस्ती श्रद्धेला स्मरून बोलत आहोत असे म्हणावे लागे. ते शब्द उच्चारणे रॉथ्सचाइल्ड यांना शक्य नव्हते, आणि उच्चारल्याशिवाय आसन मिळत नव्हते. शपथ बदलण्याची विधेयके कॉमन्सने मंजूर करावीत आणि लॉर्ड्सने फेटाळावीत, असे वर्षानुवर्षे चालले. दरम्यान मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. शेवटी १८५८ च्या जुलैमध्ये कायदा बदलला, तेव्हा त्यांनी डोके झाकून, हिब्रू बायबलवर हात ठेवून आणि ते शब्द वगळून शपथ घेतली. अकरा वर्षे एका मतदारसंघाचा कौल दाराबाहेर उभा होता, आणि त्यात त्या मतदारांचा किंवा त्यांच्या प्रतिनिधीचा कोणताही दोष नव्हता. त्यानंतर १८८० साली निवडून आलेल्या नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या वाट्याला सहा वर्षांचा असाच झगडा आला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधील बहुतेक पदव्या आणि पदे यांवरची धार्मिक अट १८७१ च्या कायद्याने गेली. म्हणजे आपण ज्या सुखाने नांदणाऱ्या समाजाचा उल्लेख करता, तो अधिकृत धर्माशी जवळजवळ दोनशे वर्षे भांडून घडलेला आहे.

नॉर्वेचे उदाहरणही असेच आहे. १८१४ ची नॉर्वेची राज्यघटना त्या काळच्या युरोपात उदार समजली जात असे. पण तिच्या दुसऱ्या कलमात लूथरपंथ हा राज्याचा धर्म ठरवताना ज्यूंना देशात प्रवेश नाही, असेही लिहिले होते. ही बंदी १८५१ मध्ये उठली आणि जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघावरची बंदी तर थेट १९५६ मध्ये. २०१२ च्या घटनादुरुस्तीने राज्य आणि चर्च यांचे नाते सैल केले, आणि २०१७ पासून नॉर्वेचे चर्च स्वतंत्र संस्था झाले. शेजारच्या स्वीडनने हे काम २००० सालीच उरकले होते.

आता ज्या बाजूकडे सहसा कोणी पाहत नाही तिच्याकडे येतो. राज्याने धर्म स्वीकारला म्हणजे धर्माला मोठा मान मिळाला, अशी आपली समजूत असते. परंतु मान देणाऱ्याच्या हातात लगामही जातो. चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या उपासनेच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती अनेक वर्षे खपून तयार केली. चर्चच्या सभांनी तिला मान्यता दिली. मात्र चर्च राज्याचे असल्यामुळे संसदेची संमती आवश्यक होती, आणि कॉमन्सने ती आवृत्ती १९२७ च्या डिसेंबरात व पुन्हा १९२८ च्या जूनमध्ये फेटाळली. मत देणाऱ्यांत त्या चर्चचे अनुयायी नसलेलेही सभासद होते. भाविकांनी वेदीसमोर कोणते शब्द म्हणावेत, याचा निर्णय मतविभागणीच्या मोजणीवर झाला. आपली श्रद्धा जिला प्राणांहून प्रिय आहे अशा व्यक्तीला यात सन्मान दिसेल, असे मला वाटत नाही.

म्हणून घटनेच्या पहिल्या पानावर काय लिहिले आहे एवढ्यावरून मी कोणत्याही देशाची पारख करत नाही. एखाद्या नागरिकाची नोकरी, मत, वारसा, विवाह, पदवी किंवा जीव यांपैकी काही त्याच्या श्रद्धेमुळे धोक्यात येते का, एवढेच मी पाहतो. या कसोटीवर आजचे इंग्लंड बव्हंशी उतरते. परंतु १८५७ चे इंग्लंड उतरत नव्हते, आणि अधिकृत धर्म दोन्ही वेळी होता.

प्रश्न : धर्मनिरपेक्षता ही मुळात देव न मानणाऱ्यांची कल्पना आहे. रशियात चर्च पाडली गेली, तुर्कस्तानात अजानची भाषा बदलली गेली. श्रद्धाळू माणसाने हा विचार का स्वीकारावा?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन्ही घटना खऱ्या आहेत. मॉस्कोतील ख्रिस्त तारणहार कॅथेड्रल १९३१ च्या डिसेंबरात सुरुंग लावून पाडले गेले आणि पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव झाला. आल्बानियाने १९६७ मध्ये तर सर्वच धर्मांच्या आचरणावर बंदी घातली. तुर्कस्तानात १९३२ पासून अजान अरबीऐवजी तुर्की भाषेत देण्याचा आदेश होता, आणि तो १९५० पर्यंत टिकला. जी राज्यसंस्था मुअझ्झिनने कोणत्या भाषेत बांग द्यावी हे ठरवते ती धर्मापासून अलिप्त झालेली नसते. ती स्वतःच धर्माधिकारी बनलेली असते. तुर्कस्तानने १९२४ साली खिलाफत रद्द केली, आणि त्याच दिवशी मशिदी व इमाम यांच्यावर देखरेख ठेवणारे सरकारी खातेही स्थापन केले. इमामांना सरकारी पगार आणि प्रवचनावर सरकारी नजर अशी ती व्यवस्था होती. पुढे सरकार बदलले, त्याचा कल बदलला, पण खाते तेच राहिले आणि वाढत गेले. एकाने धर्माला वेसण घालण्यासाठी बांधलेली यंत्रणा दुसऱ्याने धर्माचा प्रसार करण्यासाठी वापरली, यात आश्चर्य नाही.

मात्र या कल्पनेचा उगम देव न मानणाऱ्यांत आहे, हे विधान इतिहासाला धरून नाही. १६३६ साली उत्तर अमेरिकेत प्रॉव्हिडन्स ही वसाहत वसवणारे रॉजर विल्यम्स कट्टर ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मॅसॅच्युसेट्सच्या धर्मनिष्ठ सत्ताधाऱ्यांनी त्यांना हद्दपार केले होते, कारण ईश्वराविषयीच्या कर्तव्यांसाठी दंडाधिकाऱ्याने शिक्षा करू नये, असे ते शिकवत होते. सक्तीने करवून घेतलेली प्रार्थना ही ईश्वराचा अपमान आहे, ही त्यांची धारणा होती. धर्म आणि राज्य यांच्यामधल्या 'भिंती'चा जो शब्दप्रयोग नेहमी उद्धृत केला जातो, तो थॉमस जेफर्सन यांच्या १ जानेवारी १८०२ च्या पत्रातला आहे. हे पत्र त्यांनी कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिले होते. तेथे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाला राज्याचा आश्रय होता, आणि बाप्टिस्टांची तक्रार अशी होती की, आम्हाला जे उपासनेचे स्वातंत्र्य मिळते ते हक्क म्हणून मिळत नाही, मेहेरबानी म्हणून मिळते. एका भाविक समूहाने दुसऱ्या भाविक समूहाच्या सत्तेपासून संरक्षण मागावे, येथून हा विचार बळ धरू लागला.

मला या संदर्भात भारताच्या घटना समितीतील १७ ऑक्टोबर १९४९ चा दिवस फार महत्त्वाचा वाटतो. उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामथ यांनी दुरुस्ती सुचवली की, तिचा आरंभ 'ईश्वराच्या नावाने' अशा शब्दांनी व्हावा. कामथ मनापासून बोलत होते आणि त्यांच्या हेतूबद्दल कोणालाही शंका नव्हती. परंतु पट्टम थाणू पिल्लई यांनी आक्षेप घेतला की, मी स्वतः ईश्वर मानतो, तरीही ही दुरुस्ती श्रद्धेच्या बाबतीत सक्ती ठरेल. हृदयनाथ कुंझरू यांनीही विरोध केला. अध्यक्षस्थानी असलेल्या राजेंद्रप्रसादांनी हा विषय मताला टाकू नये, अशी इच्छा व्यक्त केली; पण कामथ ठाम राहिले. मतविभागणी झाली : बाजूने ४१, विरुद्ध ६८. त्या ६८ जणांत देवपूजा करणारे, उपवास करणारे, गीता आणि कुराण नित्य वाचणारे कितीतरी लोक असतील. ईश्वरावरचा विश्वास त्यांनी सोडला नव्हता. तो सर्वांच्या वतीने जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मात्र त्यांना वाटले नाही. त्याच घटनेने शपथेच्या नमुन्यात दोन्ही पर्याय ठेवले. ज्याला हवे त्याने 'ईश्वरसाक्ष शपथ' घ्यावी, ज्याला नको त्याने 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करावे. देवाचे नाव घेण्याचा निर्णय त्या त्या माणसाकडे सोपवला गेला.

याच वर्षी, सात महिने आधी, शेजारी देशाच्या घटना समितीतही हाच प्रश्न आला होता, आणि तेथे उत्तर वेगळे निघाले. पुढील पत्रात तोच विषय असल्यामुळे त्याबद्दल तेथे लिहितो.

प्रश्न : भाषा, प्रांत, जात यांनी माणसे विभागलेली असतात. समान धर्माखेरीज त्यांना एका राष्ट्रात बांधून ठेवणारे दुसरे काय आहे? राष्ट्राची ओळख धर्मातून घडते, हे मान्य करायला आपण का कचरता?
— व्यवसायाने वकील असलेले एक वाचक

उत्तर : राष्ट्राच्या मनात, साहित्यात, सणांत, स्थापत्यात धर्म खोलवर मुरलेला असतो, हे मान्य करायला मी मुळीच कचरत नाही. ज्ञानेश्वरी वजा केली तर मराठी भाषेचे काय उरेल, याची कल्पनाही करवत नाही. पण समाजाची घडण आणि राज्याची अधिकृत ओळख या दोन गोष्टी आहेत. पहिली आपोआप, शतकानुशतके, अनेकांच्या हातांनी होते. दुसरी कायद्याने लिहावी लागते, आणि कायद्यात शब्द घातला की त्याची व्याख्या करावी लागते. खरी अडचण येथेच सुरू होते.

१२ मार्च १९४९ रोजी पाकिस्तानच्या घटना समितीने उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला. संपूर्ण विश्वावरील सार्वभौमत्व ईश्वराचे आहे, आणि ते राज्याकडे त्याने घालून दिलेल्या मर्यादांत वापरण्यासाठी पवित्र ठेव म्हणून आले आहे, अशी त्याची सुरुवात आहे. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी तो मांडला. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय, भूपेंद्रकुमार दत्त आदी हिंदू सभासदांनी दुरुस्त्या सुचवल्या आणि त्या सर्व फेटाळल्या गेल्या. राज्याच्या कारभाराशी कोणाच्या धर्माचा संबंध असणार नाही, असे याच समितीसमोर ११ ऑगस्ट १९४७ रोजी महंमद अली जीना यांनी सांगितले होते. त्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

अल्पसंख्याकांची भीती समजण्यासारखी आहे, पण मला अधिक बोलके वाटते ते पुढचे प्रकरण. १९५३ मध्ये पंजाबात अहमदिया पंथीयांविरुद्ध मोठा हिंसाचार झाला आणि लाहोरमध्ये लष्करी कायदा लावावा लागला. त्यांना मुसलमानेतर घोषित करा, ही आंदोलकांची मागणी होती. चौकशीसाठी न्यायमूर्ती महंमद मुनीर आणि न्यायमूर्ती एम. आर. कयानी यांचे चौकशी न्यायालय नेमले गेले. न्यायमूर्तींनी समोर आलेल्या उलेमांना सरळ प्रश्न केला की, मुसलमान कोणाला म्हणावे? प्रत्येक विद्वानाने आपापले उत्तर दिले. १९५४ च्या अहवालात न्यायमूर्तींनी नोंदवले की, कोणत्याही दोन विद्वानांचे या मूलभूत मुद्द्यावर एकमत झाले नाही, आणि एकाची व्याख्या स्वीकारली तर इतरांच्या मते आपण धर्माबाहेर जातो.

ज्या धर्माच्या पायावर राष्ट्र उभे करायचे, त्या धर्माचा अनुयायी कोण हे ठरवता येईना. अखेर ते काम संसदेने केले. १९७४ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने अहमदियांना मुसलमानेतर ठरवले आणि १९८४ च्या अध्यादेशाने त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवून घेणे हा गुन्हा केला. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक १९७९ साली मिळवणारे अब्दुस सलाम याच पंथाचे होते. त्यांच्या समाधीच्या दगडावर 'पहिले मुसलमान नोबेल विजेते' असे कोरलेले होते. त्यातला 'मुसलमान' हा शब्द नंतर रंग लावून पुसण्यात आला. एक शब्द पुसल्यामुळे ते वाक्य अर्थाने खोटे झाले आहे, आणि तो दगड तसाच उभा आहे.

ही एकाच धर्माची गोष्ट आहे, असे आपण म्हणाल, म्हणून दुसरीही सांगतो. ओस्वाल्ड रुफाइझेन हे पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मले. नाझी राजवटीत आपली ओळख लपवून पोलिसांचे दुभाषी म्हणून काम करताना त्यांनी मीर येथील वस्तीतल्या ज्यूंना आगाऊ सूचना देऊन अनेकांचे प्राण वाचवले. युद्धकाळातच ते कॅथलिक झाले, पुढे संन्यासी झाले आणि ब्रदर डॅनिएल या नावाने इस्रायलला गेले. प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये परतण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या कायद्याखाली त्यांनी नागरिकत्व मागितले. धार्मिक नियमानुसार ज्यू आईचे मूल ज्यूच राहते, मग ते कोणताही धर्म स्वीकारो. तरीही १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या कायद्यातील 'ज्यू' हा शब्द लौकिक अर्थाने घ्यायचा आहे आणि त्या अर्थाने हा माणूस ज्यू नाही. त्यांना शेवटी इतर कोणत्याही परकीय माणसाप्रमाणे सामान्य मार्गाने नागरिकत्व घ्यावे लागले. मी न्यायमूर्तींना दोष देत नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट फारशी नव्हती. माणसाच्या अंतरंगाचा निवाडा करण्याचे काम मुळात त्यांच्याकडे यायलाच नको होते.

बांधून ठेवण्याच्या ताकदीबद्दल एवढेच म्हणतो की, १९४७ साली सुमारे १,६०० किलोमीटर अंतरावरचे दोन प्रदेश समान धर्माच्या आधारावर एका राष्ट्रात जोडले गेले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली भाषेसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, आणि १९७१ मध्ये ते राष्ट्र दुभंगले. गोळी झाडणारे आणि गोळी खाणारे बव्हंशी एकाच दिशेला तोंड करून नमाज पढत होते. युरोपातील १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धाला धर्मयुद्ध म्हणतात. त्यातही कॅथलिक फ्रान्सने कॅथलिक हॅप्सबर्ग राजघराण्याविरुद्ध प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला. माणसे भाषेसाठी, जमिनीसाठी, मानासाठी आणि न्याय्य वाट्यासाठीही एकत्र येतात आणि फुटतात. वकिलीच्या व्यवसायात सख्ख्या भावांचे दावे आपण पाहिलेच असतील.

प्रश्न : राज्यकर्त्यांनी प्रार्थनास्थळी जावे की नाही? ते गेले की लगेच टीका होते.
— एक गृहिणी

उत्तर : जरूर जावे. पद स्वीकारल्यामुळे कोणी आपली श्रद्धा गमावत नाही, आणि लपवलेल्या श्रद्धेपेक्षा उघड श्रद्धा बरी. पदाचे अधिकार आणि सरकारी तिजोरी मात्र उंबरठ्याबाहेर राहिली पाहिजे.

प्रश्न : आपण म्हणता, राज्याने धर्मात हात घालू नये. मग अस्पृश्यता बेकायदा ठरवणे, मंदिरे सर्वांना खुली करणे, वारसाहक्क बदलणे हे सगळे चूक होते का? आपल्याच तत्त्वात विसंगती आहे.
— समाजशास्त्राच्या प्राध्यापिका

उत्तर : सर्व पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला, आणि माझ्या गेल्या वेळच्या लेखात ही बाजू अपुरी राहिली होती, हे मान्य करतो.

अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने जो आदर्श मांडला तो अशा समाजासाठी होता, जेथे उपासनेचा भाग आणि नागरी जीवनाचा भाग बऱ्याच अंशी वेगळा करता येत होता. जेथे धर्माच्या नावाने कोणी विहिरीवर पाणी भरू शकत नाही, कोणत्या रस्त्याने चालावे हे ठरते, तेथे 'हात घालू नका' असे राज्याला सांगणे म्हणजे बलवानाची बाजू घेणे होय. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच दाखवून दिले होते. या देशात धर्माच्या कल्पना इतक्या व्यापक आहेत की, जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सारे आयुष्य त्यांच्या कक्षेत येते; ते सगळेच 'धर्म' म्हणून हातचे राखले तर समाजसुधारणेला जागाच उरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणूनच भारताच्या घटनेचे सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते, आणि पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य देतानाच हिंदूंच्या सार्वजनिक धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याकडे ठेवते.

तेव्हा माझे विधान दुरुस्त करून मांडतो. श्रद्धा काय असावी, उपासना कशी असावी, खरा अनुयायी कोण, हे राज्याने ठरवू नये; परंतु धर्माच्या नावाने कोणा माणसाचा नागरी हक्क हिरावला जात असेल, तर राज्याने आलेच पाहिजे, आणि ते त्या माणसाच्या बाजूने आले पाहिजे. ही रेषा कागदावर स्वच्छ दिसते, न्यायालयात मात्र पुसट होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठाच्या प्रकरणात धर्माचा 'अत्यावश्यक भाग' कोणता, ही कसोटी वापरात आणली. तेव्हापासून कोणता आचार अत्यावश्यक आणि कोणता नाही, हे न्यायमूर्ती धर्मग्रंथ चाळून ठरवत आले आहेत. मला ही वाट पटत नाही. आचार कितीही अत्यावश्यक असला तरी त्याने माणसाची प्रतिष्ठा मोडत असेल तर तो रोखावा, आणि मोडत नसेल तर तो अत्यावश्यक नसला तरी त्याला हात लावू नये. हा प्रश्न न्यायाधीशाच्या आवाक्यातला आहे. पहिला प्रश्न धर्मपंडिताचा आहे.

विवाहाचा विषय याच रेषेवर येतो. इस्रायलमध्ये विवाह धार्मिक संस्थांमार्फत लागतात आणि देशात नागरी विवाहाची सामान्य सोय नाही. लेबनॉनमध्ये १८ मान्यताप्राप्त धर्मपंथ आहेत आणि कौटुंबिक बाबी त्या त्या पंथाच्या कायद्याने व न्यायालयांनी चालतात. परिणाम असा की, भिन्न धर्मांची जोडपी या दोन्ही देशांतून सायप्रसला जातात, तेथील नगरपालिकेत नागरी विवाह करतात आणि प्रमाणपत्र घेऊन परततात. बाहेर झालेला विवाह दोन्ही देशांत नोंदला जातो. एकमेकांशी युद्ध केलेल्या दोन देशांचे तरुण-तरुणी एकाच बेटावर, एकाच कारणासाठी खिडकीपुढे रांगेत उभे राहतात, आणि त्यांच्या सरकारांना जे करता आले नाही ते तेथील कारकून शिक्का मारून करतो.

आयर्लंडनेही हा अनुभव घेतला. १९३७ च्या घटनेत कॅथलिक चर्चच्या 'विशेष स्थाना'चा उल्लेख होता आणि घटस्फोटाला बंदी होती. विशेष स्थानाचे कलम १९७२ च्या सार्वमताने काढून टाकण्यात आले. घटस्फोटाची बंदी उठवायला १९८६ मध्ये मतदारांनी नकार दिला आणि १९९५ मध्ये सुमारे ९,००० मतांच्या फरकाने होकार दिला. बदल वरून लादला न जाता लोकांनी स्वतः, वाद घालत, हरत-जिंकत घडवला, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

प्रश्न : सरकारी कागदपत्रांवर धर्माचा रकाना असण्याला आपला विरोध आहे का? त्याने काय बिघडते?
— एक तरुण वाचक

उत्तर : जनगणनेत, नाव उघड न होता, स्वेच्छेने दिलेली माहिती उपयोगाची असते; अन्याय कोणावर होतो हे मोजल्याशिवाय कळत नाही. खिशात बाळगायच्या ओळखपत्रावर मात्र हा रकाना असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रीसने २००० साली ऑर्थोडॉक्स चर्चचा मोठा विरोध पत्करून तो काढून टाकला. इंडोनेशियात सहा मान्यताप्राप्त धर्मांपलीकडच्या पारंपरिक श्रद्धा पाळणाऱ्यांना ओळखपत्रावर स्वतःची श्रद्धा लिहिता येत नव्हती. २०१७ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने त्यांना तो हक्क दिला.

काय बिघडते, हे इजिप्तमधील बहाई लोकांच्या उदाहरणावरून कळते. तेथे ओळखपत्रावर इस्लाम, ख्रिस्ती किंवा ज्यू यांपैकी एक धर्म लिहिणे भाग होते. नोंदी संगणकावर गेल्यावर चौथा पर्याय स्वीकारलाच जाईना. खोटे लिहिणे बहाईंच्या श्रद्धेला मान्य नव्हते, आणि ओळखपत्राशिवाय बँकेत खाते, महाविद्यालयात प्रवेश, नोकरी यांतले काहीच धड होत नव्हते. ते न्यायालयात गेले. आपला धर्म राज्याने मान्य करावा, अशी त्यांची मागणी नव्हती. खोटे लिहायला लावू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २००९ मध्ये सरकारने तसा आदेश काढला. त्यांना मिळालेल्या नव्या कार्डांवर धर्माच्या रकान्यात एक छोटी आडवी रेघ छापलेली आहे.